बार्बरा स्टील: सुरुवात कुठून करावी, कोणती प्रत बघावी?

रात्रपाळी

मंडळी, बार्बरा स्टील या इंग्रज नटीचे साठच्या दशकातले इटालियन भयपट ओळीने बघायचे आहेत. 'ब्लॅक संडे'ची डीव्हीडी हाताशी आहे, ती ८३ मिनिटांत संपते. मूळ चित्रपट ८७ मिनिटांचा असल्याचं मात्र सगळीकडे छापलेलं आहे. जाणकारांना चार प्रश्न:

१. मधली चार मिनिटं गेली कुठे? कापली आहेत का?
२. एकेका चित्रपटाला तीन-तीन नावं आहेत. नेमके चित्रपट किती, आणि कोणत्या क्रमाने बघावेत?
३. इंग्रजीत जो आवाज ऐकू येतो तो तिचाच का? की इटालियन ध्वनिपट्टी लावावी?
४. १९६६ नंतर ही बाई एकदम गेली कुठे?

'किंचाळ्यांची राणी' छापाची माहिती नको, ती ढिगाने मिळते.

जुनी रिळं

पहिल्या प्रश्नाचं आधी घेतो, कारण इथे भल्याभल्यांची गल्लत होते. ८३ हा आकडा दोन अगदी वेगळ्या वाटांनी येतो.

पहिली वाट कात्रीची. मारिओ बाव्हाचा 'ला मास्केरा देल देमोनिओ' इटलीत ऑगस्ट १९६० मध्ये लागला. अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्सने (पुढे नुसतं एआयपी म्हणतो) तो विकत घेतला, तीन मिनिटांहून जास्त भाग काढला, संगीत बदललं, संवाद नव्याने डब केले आणि फेब्रुवारी १९६१ मध्ये 'ब्लॅक संडे' नावाने अमेरिकेत लावला. ही आवृत्ती ८३ मिनिटांची.

दुसरी वाट वेगाची. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, पाल या टीव्ही पद्धतीची डीव्हीडी २५ चौकटींनी. म्हणजे पूर्ण ८७ मिनिटांचा चित्रपट पालवर ८३ मिनिटं ३१ सेकंदांत संपतो. एक चौकटही कापलेली नसते, फक्त सगळं चार टक्के घाईने घडतं आणि आवाज किंचित चढा लागतो. हाच हिशेब एआयपीच्या कापलेल्या आवृत्तीला लावला तर पालवर ती ७९ मिनिटं ४० सेकंदांच्या आसपास भरेल.

त्यामुळे नुसती मिनिटं मोजून निकाल लागत नाही. आधी डिस्क पाल आहे की एनटीएससी (अमेरिकेतली टीव्ही पद्धत) ते वेष्टनावर बघा, मग पडद्यावरच्या खुणा तपासा:

- नामावलीत 'द मास्क ऑफ सेटन' असेल तर ती निर्यातीसाठी इटलीत तयार केलेली पूर्ण इंग्रजी प्रत. 'ब्लॅक संडे' असेल तर एआयपीची.
- सुरुवातीच्या शिक्षेत तापलेल्या लोखंडाने चेटकिणीच्या अंगावर डाग देतात आणि मग खिळ्यांचा मुखवटा हातोड्याने तोंडावर ठोकतात. मुखवट्याच्या कडांतून रक्त उसळलेलं दिसलं तर प्रत पूर्ण आहे. एआयपीने नेमकं तेच काढलं. पुढे शवपेटीतल्या माणसाच्या डोळ्यात सळई जाते आणि शेकोटीत चेहरा जळतो, ते तुकडेही आखूड केले.
- संगीत रोबेर्तो निकोलोझीचं असेल तर पूर्ण प्रत, लेस बॅक्स्टरचं असेल तर अमेरिकन. बॅक्स्टर प्रत्येक दचक्याला वाद्यवृंद अंगावर घालतो. निकोलोझी बऱ्याच ठिकाणी गप्प राहतो आणि वारा, दार, पावलं यांना काम करू देतो.
- मूळ इटालियनमध्ये याव्हुतिच हा आसाचा, म्हणजे स्टीलने केलेल्या त्या चेटकिणीचा, भाऊ आहे. एआयपीने त्याला तिचा नोकर केलं. भाऊ-बहिणीच्या नात्यातला सूचक भाग अमेरिकेत चालणार नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

ब्रिटनमध्ये तर सेन्सॉरने तो १९६८ पर्यंत अडवून धरला आणि मग 'रिव्हेंज ऑफ द व्हॅम्पायर' या नावाने सोडला. एकाच चित्रपटाला तीन नावं कशी पडली, हेही त्यातच आलं.

डबिंगवाला

वरच्या प्रतिसादाशी सहमत. तिसऱ्या प्रश्नाबद्दल सांगतो.

या काळात इटलीत चित्रीकरणाच्या जागेवरचा आवाज पडद्यापर्यंत पोचतच नसे. कॅमेरे घरघरत, दिग्दर्शक शॉट चालू असताना ओरडून सूचना देत, एक नट इंग्रजीत बोले, दुसरा इटालियनमध्ये, तिसरा फ्रेंचमध्ये. जागेवर फार तर वाटाड्या म्हणून कच्चा आवाज घेत आणि नंतर स्टुडिओत सगळं डब करत, इटालियनसुद्धा. त्यामुळे 'मूळ आवाज' असा काही नसतो, फक्त वेगवेगळ्या भाषांतले डब असतात. 'मास्केरा'चे तर इंग्रजीतच दोन डब आहेत, एक रोममध्ये केलेला आणि दुसरा एआयपीने न्यूयॉर्कमध्ये करून घेतलेला. दोन्हींत स्टीलचा आवाज नाही.

अमेरिकेत गेल्यावरही तेच. रॉजर कॉर्मनच्या 'द पिट अँड द पेंड्युलम'मध्ये (१९६१) तिचे उच्चार बाकीच्या नटांशी जुळेनात, म्हणून तिथेही दुसऱ्या बाईचा आवाज घातला. एक इंग्रज नटी, इंग्रजी चित्रपट, तरी आवाज परका!

तिचा स्वतःचा आवाज ऐकायचा तर सत्तरच्या दशकात जावं लागतं: 'केज्ड हीट', 'शिव्हर्स', 'पिरान्हा'. जरा खालच्या पट्टीतला, थंड, आणि वाक्याच्या शेवटी किंचित थट्टा असलेला आवाज आहे. तो ऐकला की इटलीतल्या डबांनी काय गमावलं ते कळतं.

आता व्यवहाराचं. ओठांची हालचाल जुळावी असं वाटत असेल तर इंग्रजी डब बरा. अभिनय म्हणून इटालियन डब जवळजवळ नेहमीच सरस, कारण तिथे डबिंग करणारे कसलेले नट होते आणि निर्यातीचे इंग्रजी डब घाईत उरकले जात. इटालियन लावाल तेव्हा उपशीर्षकं नीट बघा. स्वस्तातल्या डिस्कवर इटालियन संवादांचा अनुवाद न देता इंग्रजी डबचीच संहिता खाली उतरवलेली असते. ओळखायची युक्ती सोपी आहे. पात्र मोठं वाक्य बोलून गेलं आणि खाली दोन शब्द आले, किंवा पात्र गप्प असताना खाली ओळ उमटली, की समजा ही डबची संहिता आहे.

कंदील

आवाजावर चर्चा होणारच, पण या चित्रपटांत तिचं काम मुख्यतः चेहऱ्याचं आणि श्वासाचं आहे, आणि ते उजेडाशी बांधलेलं आहे. 'मास्केरा'त बाव्हा दिग्दर्शकही आहे आणि छायालेखकही. अधिकृतपणे दिग्दर्शक म्हणून नाव लागलेला त्याचा हा पहिलाच चित्रपट, पण त्याआधी वर्षानुवर्षं त्याने दिवे लावलेले होते.

आसा थडग्यात पडलेली आहे तो प्रसंग पुन्हा लावून बघा. चेहऱ्यावर खिळ्यांची भोकं तशीच आहेत, ती उठू शकत नाही आणि डॉक्टर क्रुव्हायानला जवळ बोलावते आहे. हालचाल फक्त तीन ठिकाणी आहे: छाती धपापते, दगडाच्या कडेवरची बोटं आवळतात, आणि पापण्या न लवता डोळे माणसाच्या मागे फिरतात. उजेड खालून आणि बाजूने, कडक, त्यामुळे गालाची हाडं वर येतात आणि प्रत्येक भोकाला स्वतःची सावली मिळते. आता कात्याची, म्हणजे स्टीलच्याच दुसऱ्या भूमिकेची, पहिली भेट आठवा. पडक्या देवळाच्या दारात, दोन मोठे कुत्रे साखळीला धरून ती स्थिर उभी आहे. बाई तीच, पण प्रेक्षकाला कळत नाही की हिला घाबरायचं की हिच्यासाठी. पुढची सहा वर्षं इटालियन निर्मात्यांनी तिच्याकडून हीच शंका पुन्हा पुन्हा विकत घेतली.

शेवटाकडे आसा कात्याचं तारुण्य शोषून घेते तेव्हा कट न करता चेहरा म्हातारा होताना दिसतो. ही बाव्हाची जुनी युक्ती. १९५७ च्या 'इ व्हॅम्पिरी'त जान्ना मारिया कानालेवर त्याने ती वापरली होती, आणि त्याही आधी छायालेखक कार्ल स्ट्रसने १९३१ च्या 'डॉ. जेकिल अँड मि. हाइड'मध्ये. सुरकुत्या लाल रंगाने काढायच्या. लाल उजेडात किंवा लाल फिल्टरमधून त्या त्वचेत मिसळून जातात, हिरव्या उजेडात काळ्या उमटतात. चित्रपट कृष्णधवल असल्यामुळे उजेडाचा रंग बदललेला प्रेक्षकाला कळतच नाही, फक्त चेहरा बदलतो.

घरी करून बघता येतं. लाल आणि हिरवा असे दोन एलईडी दिवे डिमरसकट घ्या, कॅमेरा किंवा फोन कृष्णधवलवर ठेवा आणि गालावर नारिंगीकडे झुकणाऱ्या लाल लिपस्टिकने बारीक रेघा ओढा. फसतं ते सहसा चार कारणांनी:

- रंग मरून किंवा जांभळट घेतला. तो लाल उजेडातही गडद दिसतो, रेघा आधीच फुटतात. शेंदराच्या जवळचा लाल हवा.
- खोलीत दुसरा पांढरा उजेड आहे. पडदे बंद, दिवे बंद, फोनचा पडदासुद्धा मंद.
- फोनने एक्स्पोजर आपोआप बदललं. ते कुलूपबंद करा, नाहीतर दिवा बदलताना सगळं चित्र उडी मारतं.
- दोन्ही दिव्यांची प्रखरता जुळलेली नाही. दोन्ही दिवे कॅमेऱ्याच्या पडद्यावर सारखे दिसेपर्यंत डिमर फिरवत राहा. मग एक कमी करत दुसरा वाढवा, तीन-चार सेकंदांत. त्याहून घाई केली तर युक्ती उघडी पडते.

आणि ओठांवर त्या दिवशी लिपस्टिक नको. लाल उजेडात ओठ पांढरेफटक दिसतील.

चकवा

दुसरा प्रश्न माझ्याकडे. १९६० ते १९६६ या काळात इटलीशी जोडलेले नऊ भयपट धरायचे. नावांच्या जंजाळात इटालियन नाव हाच धागा धरून ठेवा, इंग्रजी नावं देश बदलला की बदलतात.

पहिला अर्थातच 'मास्केरा'.

मग रिकार्दो फ्रेदाचे दोन. 'लोर्रीबिले सेग्रेतो देल दोत्तोर हिचकॉक' (१९६२) रंगीत आहे. प्रेतांकडे ओढ असलेला व्हिक्टोरियन काळातला डॉक्टर आणि त्याची दुसरी बायको. फ्रेदा झपाट्याने काम उरकण्यासाठी प्रसिद्ध होता आणि हाही त्याने काही आठवड्यांत उरकला, पण रंगांकडे बघून तसं वाटत नाही. इथे प्रत बघून घ्या: अमेरिकेत १९६४ मध्ये लागलेली आवृत्ती जेमतेम ७६ मिनिटांची, मूळ ८८ ची. डॉक्टरच्या विकृतीचे धागेच काढल्यामुळे छोट्या आवृत्तीत तो असं का वागतो ते समजत नाही, आणि मग लोक पटकथेला नावं ठेवतात. दुसरा 'लो स्पेत्त्रो' (१९६३), स्कॉटलंडमध्ये घडणारा. हा नऊतला माझ्या मते सर्वांत कमी चर्चेत आलेला आणि सर्वांत घट्ट बांधलेला. नवऱ्याला प्रियकराच्या मदतीने संपवणारी बायको. यात ती वस्तरा घेऊन येते तेव्हा कॅमेरा बळीच्या जागी आहे. ती आपल्याकडेच बघत वार करत राहते आणि काचेवरून रक्त ओघळतं. बाकीच्यांत ती भूत किंवा बळी आहे, इथे ती हाडामांसाची खुनी आहे.

मग आंतोनिओ मार्गेरिती, जो अँथनी डॉसन नावाने सही करी. 'दान्झा माकाब्रा' (१९६४) दुसऱ्या एका चित्रपटाचे, 'इल मोनाको दी मोन्झा'चे, सेट उभे होते म्हणून बनला. सुरुवात सर्जिओ कोर्बुच्चीकडे होती, मग मार्गेरितीकडे आला, आणि वेळ वाचवण्यासाठी एका वेळी अनेक कॅमेरे लावून चित्रित झाला. पत्रकार पैज लावून एक रात्र वाड्यात काढतो. एलिझाबेथच्या (म्हणजे स्टीलच्या) छातीवर डोकं टेकतो आणि त्याच्या लक्षात येतं की ठोके ऐकू येत नाहीत. त्या एका क्षणासाठी चित्रपट बघावा. (याच चित्रपटाची इंग्रजीतली, 'कॅसल ऑफ ब्लड' नावाची पूर्ण लांबीची जुनी डीव्हीडी मिळाली तर मधेच पात्रं फ्रेंच बोलू लागतील. डिस्क बिघडलेली नाही. तेवढ्या भागाचा इंग्रजी डबच झाला नव्हता, म्हणून फ्रेंच ध्वनी आणि उपशीर्षकं लावली आहेत.) मार्गेरितीने १९७१ मध्ये याच कथेवर रंगीत चित्रपट पुन्हा काढला, एडगर अॅलन पोच्या भूमिकेत क्लाउस किन्स्की आणि स्टीलच्या जागी मिशेल मर्सिए. दोन्ही एकापाठोपाठ बघा, स्टील नसली की त्या कथेत काय उरतं ते दिसेल. फारसं काही नाही.

त्याचाच 'इ लुंगी कापेल्ली देल्ला मोर्ते' शेवटच्या वीस मिनिटांसाठी सहन करायचा. मधला भाग रेंगाळतो.

मारिओ कायानोचा 'अमान्ती दोल्त्रेतोम्बा' (१९६५), इंग्रजीत 'नाइटमेअर कॅसल'. डबल रोल, एक काळ्या केसांची म्युरियल, दुसरी सोनेरी केसांची जेनी. संगीत एन्नियो मोरिकोनेचं. आंतरजालावर फुकट फिरणाऱ्या बहुतेक प्रती अमेरिकन दूरदर्शनसाठी कापलेल्या, सुमारे ८० मिनिटांच्या आणि राखाडी चिखल झालेल्या. पूर्ण प्रत १०० मिनिटांच्या वर जाते. चिखल झालेल्या प्रतीत शेवटी अर्धा चेहरा केसांनी झाकून ती परत येते तेव्हा केस कुठले आणि सावली कुठली ते कळतच नाही, आणि सगळा परिणाम तर त्यावरच उभा आहे.

मासिमो पुपिल्लोचा 'चिंक्वे तोम्बे पेर उन मेडियुम' (१९६५) सर्वांत शेवटी ठेवा, राहिला तरी चालेल. नंतर मायकेल रीव्ह्जचा 'द शी बीस्ट' (१९६६) आणि कामिल्लो मास्त्रोचिंक्वेचा 'उन आन्जेलो पेर साताना' (१९६६). हा शेवटचा आवर्जून बघा: तळ्यातून वर काढलेला पुतळा, तो ज्या बाईचा आहे तिचा संचार, आणि भुताखेतांपेक्षा गावातल्या पुरुषांना एकेक करून नादी लावणारी स्टील. अभिनय म्हणून 'मास्केरा'नंतर तिला मिळालेली सर्वांत मोठी जागा हीच.

माझा क्रम: मास्केरा, लो स्पेत्त्रो, दान्झा माकाब्रा, आन्जेलो, हिचकॉक, अमान्ती, आणि मग बाकीचे.

जुनी रिळं

चकवा, क्रम छान, पण 'द पिट अँड द पेंड्युलम' वगळू नका. मान्य, आवाज तिचा नाही आणि ती बराच वेळ फक्त एक नाव आणि एक तसबीर आहे. पण एआयपीने 'ब्लॅक संडे'च्या जोरावरच तिला तिथे घेतलं, आणि कॉर्मनने शेवटचा शॉट तिच्या डोळ्यांवर ठेवला. कुठे आणि कसा ते सांगत नाही. संपलं असं समजून तिथे डिस्क काढू नका, इतकंच. शिवाय कॉर्मनचं नाव लक्षात असू द्या, पुढे दोनदा येणार आहे.

चकवा

वगळला नाही, तो अमेरिकन म्हणून नऊत धरला नाही. बघायचा असेल तर 'मास्केरा'नंतर लगेच बघा, म्हणजे तिच्याकडे चेहऱ्यापलीकडे काहीही मागितलं नाही तर काय होतं ते कळेल.

रात्रपाळी

सगळ्यांचे आभार. डिस्क तपासली: वेष्टनावर पाल, नामावलीत 'द मास्क ऑफ सेटन', मुखवट्याच्या कडेने रक्त येतं. म्हणजे पूर्ण. चौथा प्रश्न राहिला. आणि 'द शी बीस्ट'मध्ये ती पोस्टरवर सगळीकडे आहे, पडद्यावर मात्र फारशी दिसत नाही असं ऐकलं, ते खरं का?

अंधारकोठडी

खरं आहे. रीव्ह्जकडे पैसे नव्हते. तिला १,००० डॉलर देऊन एका दिवसापुरतं घेतलं आणि तो दिवस १८ तासांचा केला. म्हणून तिची पात्र म्हणून ओळख होते, लवकरच मोटार तळ्यात जाते आणि तिच्या जागी चेटकीण वर येते. ती चेटकीण म्हणजे रंग आणि रबर चढवलेला एक पुरुष नट. शेवटाला स्टील पुन्हा दिसते. कमी दिवसांचा महाग नट वापरायची ही नेहमीची रीत: सुरुवात आणि शेवट त्याच्याबरोबर चित्रित करा, मधल्या भागात त्याला दुसऱ्या रूपात घाला. पोस्टरवर विसंबून पैसे देऊ नका, एवढंच.

पण या चित्रपटाचा दुसरा अर्थ मोठा आहे. रीव्ह्जचा हा पहिला चित्रपट. आता यादी लावा. १९६० मध्ये बाव्हा, अधिकृत पहिला. १९६६ मध्ये रीव्ह्ज. त्याच वर्षी फोल्कर श्लोन्डॉर्फचा 'डेअर युंगे ट्योर्लेस', त्याचाही पहिला कथाचित्रपट, आणि त्यात बोझेनाच्या भूमिकेत स्टील. १९७४ मध्ये जोनाथन डेमीचा पहिला, 'केज्ड हीट', त्यात चाकाच्या खुर्चीतली तुरुंग अधीक्षक. १९७५ मध्ये डेव्हिड क्रोनेनबर्गचा 'शिव्हर्स', दोन छोट्या प्रायोगिक चित्रपटांनंतरचा त्याचा पहिला व्यावसायिक चित्रपट. १९७८ मध्ये जो दान्तेने एकट्याने दिग्दर्शित केलेला पहिला, 'पिरान्हा'. 'केज्ड हीट' आणि 'पिरान्हा' दोन्ही कॉर्मनच्या कंपनीचे.

हा निव्वळ योगायोग नाही. नवख्या दिग्दर्शकाकडे पैसा नसतो, मोठा नट परवडत नाही, पण वितरकाला पोस्टरवर एक नाव लागतं. भयपटांच्या बाजारात तिचं नाव चालत होतं आणि ती थोड्या दिवसांसाठी, थोड्या पैशांत मिळू शकत होती. दिग्दर्शकांना मात्र नावापेक्षा जास्त काही हवं होतं, ही सगळी मुलं 'मास्केरा' बघून वाढलेली. (श्लोन्डॉर्फ वेगळा, त्याची वाट साहित्याकडून आली.)

तर 'कुठे गेली'चं उत्तर: १९६६ नंतर इटलीतला गॉथिक भयपटच संपत आला. पैसा काउबॉय चित्रपटांकडे आणि मग रंगीत खूनपटांकडे वळला. कृष्णधवल वाडे, मेणबत्त्या आणि कोळिष्टकं यांना गिऱ्हाईक उरलं नाही. तिला स्वतःलाही थडग्यातून बाहेर येण्याचा कंटाळा आला होता, हे तिने मुलाखतींत लपवलेलं नाही. १९६३ मध्ये फेलिनीच्या 'साडेआठ'मध्ये आणि १९६६ मध्ये मोनिचेल्लीच्या 'लार्माता ब्रांकालेओने'मध्ये ती होती, पण दोन्हीकडे छोट्या भूमिका. म्हणजे मोठे दिग्दर्शक तिला दहा मिनिटं देत आणि छोटे दिग्दर्शक पूर्ण चित्रपट. १९६८ मध्ये ब्रिटनमध्ये 'कर्स ऑफ द क्रिम्सन ऑल्टर' झाला. बोरिस कार्लोफ आणि ख्रिस्तोफर ली यांच्याबरोबर नाव, आणि काम काय, तर अंगाला हिरवानिळा रंग, डोक्यावर मेंढ्याची शिंगं आणि स्वप्नातले चार प्रसंग. तो बघायची सक्ती नाही.

त्यानंतर अमेरिका. 'शिव्हर्स'मध्ये माँट्रियलच्या एका इमारतीत तिच्या स्नानगृहाच्या नळीतून परजीवी वर येतो तो प्रसंग गाजला. मला मात्र 'पिरान्हा'चा शेवट आवडतो: ती सरकारी शास्त्रज्ञ आहे, भीतीचं आता काही कारण नाही असं कॅमेऱ्याला सांगते, आणि चेहरा नेमका उलट सांगतो. तिचा अभिनय आणि तिचा स्वतःचा आवाज एकाच शॉटमध्ये.

डबिंगवाला

आणि 'सायलेंट स्क्रीम' (१९७९)! तिथे माळ्यावर कोंडलेली व्हिक्टोरिया एक शब्दही बोलत नाही. या वेळी निदान डबचा प्रश्न उरला नाही. कथा तशी फाटकी आहे, पण ती पडद्यावर आली की चित्रपटाची पातळी बदलते.

जुनी रिळं

आधीच्या काळाबद्दलही थोडं. जन्म २९ डिसेंबर १९३७, इंग्लंडमधलं बर्कनहेड. रँक कंपनीशी करार, 'सफायर' (१९५९) वगैरेंत किरकोळ कामं. मग करार ट्वेन्टिएथ सेंच्युरी फॉक्सकडे गेला. 'फ्लेमिंग स्टार'मध्ये एल्व्हिस प्रेस्लीसमोर तिला घेतलं, पण ती चित्रीकरण सोडून निघाली आणि भूमिका बार्बरा ईडनला गेली. ते साल १९६०. त्याच सालच्या मार्च-एप्रिलमध्ये हॉलिवूडमध्ये नटांचा संप झाला, तर ऑगस्टमध्ये इटलीत 'मास्केरा' पडद्यावर आला. रँक आणि फॉक्स या दोन्ही कंपन्यांना तिच्या चेहऱ्याचं काय करायचं ते कळलं नव्हतं. बाव्हाने तो खालून उजळला.

नंतरचंही. डॅन कर्टिसबरोबर ती निर्मितीत गेली: 'द विंड्स ऑफ वॉर' (१९८३) या मालिकेची सहयोगी निर्माती, मग 'वॉर अँड रिमेम्ब्रन्स'ची (१९८८-८९) निर्माती, आणि या दुसरीला १९८९ चा सर्वोत्कृष्ट लघुमालिकेचा एमी मिळाला. तिच्या नावावरचा सर्वांत मोठा पुरस्कार भयपटाचा नाही आणि अभिनयाचाही नाही. कर्टिसनेच १९९१ मध्ये 'डार्क शॅडोज' पुन्हा काढली तेव्हा डॉ. ज्युलिया हॉफमनची भूमिका तिला दिली. १२ भागांत मालिका आटोपली. पुढे 'द बटरफ्लाय रूम' (२०१२) आणि रायन गॉसलिंगचा 'लॉस्ट रिव्हर' (२०१४). गॉसलिंगचाही दिग्दर्शक म्हणून पहिलाच बरं का, अंधारकोठडींच्या यादीत भर.

रात्रपाळी

'लॉस्ट रिव्हर'ची भर भारी! शेवटचं एक: ब्लू-रे परदेशातून मागवायच्या तर भारतातल्या प्लेयरवर चालतील का?

कंदील

सरसकट नाही. ब्लू-रेसाठी भारत सी विभागात येतो, अमेरिका ए मध्ये, ब्रिटन आणि युरोप बी मध्ये. डीव्हीडीला भारत ५. अॅरो कंपनीने २०१३ मध्ये काढलेली 'ब्लॅक संडे'ची ब्रिटिश ब्लू-रे बी विभागाची आहे. तिच्यात 'द मास्क ऑफ सेटन' आणि एआयपीची आवृत्ती दोन्ही आहेत, म्हणून तुलनेसाठी तीच सर्वांत सोयीची. अमेरिकेत किनो लॉर्बरने २०१२ मध्ये पूर्ण प्रत आणि २०१५ मध्ये एआयपीची प्रत अशा वेगळ्या डिस्क काढल्या. वेष्टनावरचं नाव बघून मागवा, नाहीतर हवी तिच्या उलटी येईल. सेव्हरिन कंपनीच्या 'नाइटमेअर कॅसल'वर 'कॅसल ऑफ ब्लड' आणि 'टेरर-क्रीचर्स फ्रॉम द ग्रेव्ह' (म्हणजे चकवांचा 'चिंक्वे तोम्बे') जोडीला दिले आहेत. एका डिस्कच्या पैशांत तीन चित्रपट.

मागवण्याआधी त्या विशिष्ट डिस्कचा विभाग विक्रेत्याकडून खात्री करून घ्या, एकाच कंपनीच्या काही डिस्क खुल्या असतात आणि काही बंद. संगणकाच्या ड्राइव्हवर डीव्हीडी बघणार असाल तर विभाग पाच वेळाच बदलता येतो, पाचवा बदल कायमचा बसतो. म्हणून आधी सगळ्या २ नंबरच्या (युरोपातल्या) डिस्क उरका, मग १ कडे (अमेरिकेतल्या) वळा. ब्लू-रेची गोष्ट वेगळी, संगणकावर तिथे विभाग प्लेयर सॉफ्टवेअर तपासतं. टीव्हीवर बघताना फ्रेम-रेट २४ ठेवा आणि 'मोशन स्मूदिंग' बंद करा. ते चालू राहिलं तर बाव्हाचं धुकं गुळगुळीत होऊन सेटमागचा कापडी पडदा दिसायला लागतो. ब्राइटनेसही वाढवू नका. काळोखात काही दिसत नाही असं वाटलं तर खोलीतला दिवा घालवा.